रीड-पीक हलकं आहे

बुऱ्हाणपुरात एप्रिल लागला की माणसं डोळे तेवढे सोडून सगळं तोंड झाकतात. दुपट्टा डोक्यावरून घ्यायचा, नाकावरून फिरवायचा आणि मानेशी खोचायचा. मग शनवाऱ्याच्या चौकात समोरून येणारा माणूस आपला साडू आहे की उधारी मागायला निघालेला व्यापारी, हे तो बोलेपर्यंत कळत नाही. आणि दोघांनाही टाळायचंच असल्यामुळे कुणाची अडचण होत नाही. अशा गावात डोळेच तेवढे झाकून बाकीचं तोंड उघडं टाकणारं यंत्र आलं, तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, “उलटं घातलं का रे हे?”

यंत्र आणलं पुण्याच्या भाच्यानं. तो उन्हाळ्यात रस खायला येतो, येताना काहीतरी नवं आणतो आणि जाताना केळीचे वेफर घेऊन जातो. मागच्या खेपेला आपोआप झाडू मारणारं यंत्र होतं. ते आमच्या जुन्या वाड्याच्या उंबरठ्याशी आलं आणि तिथंच धडका देत बसलं. ते बनवणाऱ्यांनी उंबरठा पाहिलेला नसावा. या वेळी भाच्यानं बॅगेतून पांढरं, गुबगुबीत, पुढं तीन-चार कॅमेरे बसवलेलं काहीतरी काढलं आणि ओसरीवर ठेवलं.

“हा व्हीआर हेडसेट आहे, मामा. स्टँडअलोन.”

काकांनी तो उचलून चारी बाजूंनी पाहिला. “वायर कुठंय?”

“वायर नाही, आजोबा.”

“कॉम्प्युटरला जोडत असतील.”

“कॉम्प्युटर नाही, मोबाइल नाही, काही नाही. सगळं यातच आहे. चिप यात, बॅटरी यात, पडदा यात.”

“मग बिघडला की काय काय बिघडलं म्हणायचं?” काकांनी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर पुण्यातही कुणाकडे नसावं, कारण भाचा घाईनं पट्टा सैल करायला लागला.

डोळ्यांना फसवण्याचा धंदा तसा जुना. दोन डोळ्यांना किंचित वेगळी दोन चित्रं दाखवली की मेंदू त्यांची सांगड घालतो आणि सपाट कागदाला खोली येते, हे चार्ल्स व्हीटस्टननं 1838 सालीच दाखवलं. तेव्हा त्याला आरसे लागले होते. 1968 साली आयव्हन सदरलंडनं डोक्यावर घालायचं असलं यंत्र केलं, ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. आपल्याकडे 2023 च्या आयपीएलच्या हंगामात जिओनं 1,299 रुपयांचं ‘जिओडाइव्ह’ काढलं. त्यात आपलाच मोबाइल घालून सामना बघायचा होता. मोबाइल घालायच्या खोक्यांत एक गोम असते. मोबाइल कुणाचाही असो, त्यावर फोन येतोच. आणि ऐन फ्री-हिटला ‘आई कॉलिंग’ ही अक्षरं आडव्या भिंतीएवढी होऊन मैदानावर उगवतात. भाच्याच्या यंत्राला फोनच नव्हता. म्हणजे एकदा घातलं की घरच्यांचा संपर्क तुटला. हा गुण वाड्यातल्या सगळ्या पुरुषांच्या एकदम लक्षात आला, आणि पहिला नंबर कुणाचा यावरून थोडं झालंही.

पहिला नंबर अर्थात काकांचा लागला. वय आणि आवाज, दोन्ही त्यांचेच मोठे.

वजनाचं आधी सांगतो. या जातीची यंत्रं अर्ध्या किलोच्या अलीकडे-पलीकडे असतात. 2019 चा पहिला क्वेस्ट हेडसेट 571 ग्रॅम होता, 2020 चा क्वेस्ट 2 आला तो 503, 2023 चा क्वेस्ट 3 पुन्हा 515. अ‍ॅपलनं 2024 साली 3,499 डॉलरला, म्हणजे आपल्या जवळपास तीन लाखांना, व्हिजन प्रो काढला तो 600 ते 650 ग्रॅमचा. शिवाय त्याची बॅटरी वायरीनं बाहेर काढून खिशात ठेवायची. (“म्हणजे तीन लाख देऊन वायर परत आलीच,” काका.) आता अर्धा किलो म्हणजे काय? बुऱ्हाणपुरात अर्धा किलो मावा जिलेबी माणूस हातात घेऊन शनवाऱ्यापासून लालबागच्या स्टेशनापर्यंत जातो, गाडीत चढतो आणि भुसावळ येईपर्यंत ती संपवूनही टाकतो. अर्ध्या किलोचं आम्हाला भय नाही. पण तोच अर्धा किलो नाकाच्या पुढं चार बोटं लोंबायला लागला, की मान त्याचा हिशेब वेगळ्या दरानं लावते. वजन पुढं जितकं सरकतं तितकी मानेच्या मागच्या स्नायूंना ओढ जास्त, कारण मणक्याशी टेकू धरून पुढचं सगळं ओझं त्यांनाच तोलावं लागतं. मानवी डोकं आधीच साडेचार-पाच किलोचं. तेही पुढं झुकलेलं. मोबाइलनं ते काम आधीच करून ठेवलं आहे.

काकांच्या तरुणपणी घरात फेटा होता. त्यांनी यंत्र घालून मान डावी-उजवीकडे फिरवली आणि जाहीर केलं, “ज्यानं केलं त्यानं आयुष्यात फेटा बांधलेला नाही.” फेट्यातही पाचसहा मीटर कापड असतं, पण ते डोक्याभोवती सारखं बसतं आणि शेमला मागं सुटतो. यंत्र बनवणाऱ्यांनाही हे हळूहळू उमगत गेलं. पिको 4 या हेडसेटमध्ये बॅटरी डोक्यामागं नेली. क्वेस्टला मागं बॅटरी असलेला पट्टा वेगळे पैसे देऊन घेता येतो. गंमत बघा, एकूण वजन वाढतं आणि आराम पण वाढतो. काकांना हे समजवावं लागलं नाही. “कावडीला दोन्ही बाजूंनी घडा लागतो, भो,” ते म्हणाले आणि कानामागचा पट्टा स्वतःच वर सरकवला.

आत्याचा प्रश्न निराळा. ती पापड-कुरडयांसाठी रावेरहून आलेली, आणि तिचा अंबाडा. यंत्राचा मागचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली, मानेच्या वर, घट्ट बसावा लागतो. नाहीतर पुढचं सगळं गालांवर उतरतं. पण नेमक्या त्याच जागी आत्याचा अंबाडा गेली पन्नास-साठ वर्षं बसलेला. पट्टा अंबाड्यावरून घेतला तर यंत्र भुवयांवर चढे, खालून घेतला तर नाकावर घसरे. भाचा म्हणाला, “आजी, केस सोडून बघा ना.” आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पट्टाच सोडला. शेवटी अंबाडा पट्ट्याच्या दोन फाट्यांच्या मधून बाहेर काढला आणि तह झाला. हे यंत्र डिझाइन करणाऱ्यांच्या बैठकीत एकही अंबाडा हजर नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकतो.

आत्याच्या कुंकवाचं पुढं काय झालं, ते पुढच्या प्रत्येक माणसाच्या कपाळावर दिसलं. शेजारचे बोहरी भाईसाब आले, त्यांनी सोनेरी काठाची पांढरी टोपी न काढता वरूनच पट्टा आवळला, दोन मिनिटं बघितलं, “माल अच्छा है, मगर गरम बहुत है” असं म्हणून यंत्र उतरवलं, तर त्यांच्या कपाळावर आत्याच्या कुंकवाचा ठसा. भाभी दारातच उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, हे जास्त गंभीर होतं.

तोंडाला लागतो तो फोम हा या यंत्राचा सगळ्यात नाजूक भाग. 2021 साली क्वेस्ट 2 च्या फोममुळे काहीजणांच्या कातडीला त्रास झाल्याच्या तक्रारी आल्या, आणि एकट्या अमेरिकेत सुमारे 40 लाख नगांसाठी कंपनीनं वरून घालायचं सिलिकॉनचं आवरण फुकट दिलं. आमच्याकडे तक्रार कातडीची नव्हती, घामाची होती. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या पुढं, आत यंत्राची चिप तापलेली, तिला गार करायला तिचा स्वतःचा इवलासा पंखा. आणि त्या पंख्याची हवा माणसाच्या वाट्याला येत नाही. दहा मिनिटांत फोम ओला होई, लेन्सवर वाफ धरे, आणि ज्या कुणाला त्या वेळी हिमालय दाखवणं चालू असेल त्याला तो धुक्यात दिसे. त्याला वाटे, फारच हुबेहूब केलंय.

हा ओला फोम बघून आत्याच्या जिवाला चैन पडेना. ओली वस्तू घरात राहता कामा नये, हा तिचा नेम. दुपारी भाचा झोपला होता. आत्यानं यंत्र उचललं, गच्चीवर नेलं आणि कुरडयांच्या रांगेत, जुन्या धोतरावर, वाळत घातलं.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, की या यंत्राच्या लेन्स म्हणजे शेवटी भिंगच. लहानपणी भिंगानं कागद जाळलेला प्रत्येकजण पुढची गोष्ट ओळखेल. डोळ्यांच्या बाजूनं ऊन आत शिरलं, तर ते पडद्यावर एका ठिपक्यात गोळा होतं आणि क्षणार्धात तिथं कायमचा डाग पडतो. यंत्राच्या पुस्तकात हे ठळक लिहिलेलं असतं. आत्या पुस्तक वाचत नाही. आणि पुस्तकवाल्यांनी कुरडया घातलेल्या नाहीत. भाच्याला जाग आली, त्यानं “हेडसेट कुठंय?” विचारलं, स्वयंपाकघरातून “वर, उन्हात” असं शांत उत्तर आलं, आणि तो ज्या वेगानं जिना चढला त्या वेगानं वाड्यात याआधी फक्त मांजर चढलेलं आहे. यंत्र सुखरूप होतं. आत्यानं ते पालथं घातलं होतं, कारण वाटी असो की पातेलं, वस्तू पालथी घालूनच वाळवायची असते. फोमही खडखडीत वाळला होता. “बघ,” आत्या म्हणाली, “तुझ्या पंख्यानं जमलं नव्हतं.”

आता चित्राकडे येऊ. कारण काकांची खरी मुलाखत तिथंच आहे.

काकांनी उभं आयुष्य पावरलूमवर काढलं. बुऱ्हाणपुरात हे सांगण्यासारखं वेगळं काही नाही. इथं गल्लीत उभं राहून मागाचा आवाज बंद झाला तर माणसं घाबरून बाहेर येतात. पुढं त्यांनी दुकान घातलं. दुकानात त्यांची ख्याती अशी, की गिऱ्हाइकाच्या प्रत्येक तक्रारीचं उत्तर त्यांच्याकडे धुण्यात असे. रंग भडक आहे? धुतल्यावर उतरेल. रंग फिका आहे? धुतल्यावर खुलेल. कापड ताठ आहे? एकदा पाण्यात जाऊ द्या. त्यांच्या खिशात अजून ती घडीची पितळी काच असते, कापडावर ठेवून इंचात किती सूत आहे ते मोजायची. उभे धागे म्हणजे रीड, आडवे म्हणजे पीक. दोन्ही आकडे सांगितले की कापडाची जात कळली. लग्नात नवरीचा शालू पाहतानाही काकांचा हात खिशाकडे गेलेला आम्ही पाहिला आहे.

यंत्र घातल्यावर त्यांना भाच्यानं समुद्र दाखवला. निळा, अथांग, वर ढग. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, म्हणजे जेवढं दिसत होतं तेवढ्या तोंडाकडे. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ह्याचं रीड-पीक हलकं आहे.”

भाचा हबकला. “आजोबा, एकेका डोळ्याला वीस-वीस लाखांच्या वर पिक्सेल आहेत!”

“असतील. पण पन्हा केवढा ताणलाय ते बघ ना. सूत मोजून राहिलो मी इथं बसून.”

आणि काका शंभर टक्के बरोबर होते. आकडा किती याला अर्थ नसतो, तो किती रुंदीवर पसरला याला असतो. क्वेस्ट 3 मध्ये एका डोळ्याला 2064 बाय 2208 पिक्सेल आहेत. टीव्हीला एवढे असते तर डोळे दिपले असते. पण इथं तेच पिक्सेल भिंगातून मोठे होऊन डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत नजरेला व्यापतात, तेव्हा नजरेच्या एका अंशाच्या वाट्याला साधारण 25 येतात. चांगल्या डोळ्याला अंशाला 60 पर्यंतचा फरक कळतो. म्हणजे डोळा साठाचा आणि माल पंचवीसचा. जुन्या यंत्रांत तर पिक्सेलमधल्या फटी सरळ दिसत. डासांच्या जाळीतून जग बघितल्याचा भास होई, आणि जगभरचे लोक त्याला जाळीचा दरवाजा म्हणूनच नावं ठेवत. आता जाळी दिसत नाही. पण ज्यानं हजारो मीटर मांजरपाट डोळ्याखालून घातलं, त्याला वीण दिसायची राहत नाही.

भाच्यानं लेन्सची बाजू मांडली. आधीच्या लेन्स फ्रेनेल जातीच्या, म्हणजे भिंग पातळ करण्यासाठी त्याच्यावर गोल गोल पायऱ्या पाडलेल्या. त्यामुळे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती उजेडाच्या फराट्या उठत, आणि बरोबर मधूनच काय ते स्वच्छ दिसे. नजर बाजूला गेली की पुसट. नव्या पॅनकेक लेन्समध्ये उजेड आतल्या आत पुढं-मागं परतवून घेतात. त्यामुळे यंत्र चपटं होतं, वजन नाकाजवळ येतं आणि चित्र कडेपर्यंत स्वच्छ राहतं. वाटेत बराचसा उजेड मात्र गळून जातो, म्हणून मागचा पडदा फार लख्ख लावावा लागतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं. “फिनिशिंग चांगलं आहे,” ते म्हणाले. “मी फिनिशिंगबद्दल बोललोच नाही.”

मग दोन डोळ्यांमधल्या अंतराचा मुद्दा निघाला. माणसाच्या बाहुल्यांमध्ये सरासरी 63 मिलिमीटर अंतर असतं. क्वेस्ट 2 मध्ये लेन्स तीनच ठिकाणी बसत: 58, 63 किंवा 68. रेडीमेड सदऱ्यासारखं, आपण आपलं अंग त्या मापात बसवायचं. महाग यंत्रांना चाक असतं, ते फिरवून हवं तिथं थांबता येतं. काकांचं माप नेमकं दोन मापांच्या मध्ये निघालं. त्यांना याचं आश्चर्य वाटलं नाही. चपलांच्या दुकानातही त्यांचं हेच होतं.

एक चमत्कार मात्र झाला आणि तो नोंदवला पाहिजे. काकांचं लांबचं शाबूत आहे, जवळचं गेलं आहे. चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधणं हा त्यांचा रोजचा व्यायाम. या यंत्रात भाच्यानं हवेत एक कागद धरला, अगदी नाकासमोर, आणि काकांनी तो चष्म्याशिवाय वाचला. सगळा वाडा थक्क. कारण साधं आहे. वस्तू जवळची दाखवलेली असो की लांबची, उजेड येतो तो ठरावीक एकाच अंतरावरून आल्यासारखा, साधारण एक-दोन मीटरवरून. म्हातारा डोळा जवळच्यासाठी वळत नाही, पण इथं त्याला वळायला कुणी सांगतच नाही. (तरुण डोळ्याचा मात्र घोळ होतो. बाहुल्या म्हणतात वस्तू जवळ आहे, आतलं भिंग म्हणतं लांब आहे, आणि त्या भांडणात कपाळ दुखतं.) काकांना एकदम यंत्रात रस आला.

“म्हणजे पेपर वाचता येईल?”

“येईल ना. फक्त अक्षरं जरा मोठी लागतील, नाहीतर पिक्सेल अपुरे पडतात.”

“किती मोठी?”

भाच्यानं हातानं दाखवलं. दुकानाच्या पाटीवरच्या फोन नंबराएवढी.

“एवढी मोठी तर मी चष्म्याशिवायही वाचतो,” काका म्हणाले आणि यंत्र उतरवून ठेवलं.

काळ्या रंगाचंही असंच. एलसीडी पडद्यामागं दिवा सतत जळत असतो, त्यामुळे त्यातली रात्र खरी काळी होत नाही, राखी होते. 2019 च्या पहिल्या क्वेस्टचा पडदा ओएलईडीचा होता, त्यात प्रत्येक ठिपका स्वतः विझू शके. पुढं एलसीडी आला आणि अंधार पातळ झाला. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे चालून जातं, त्यानं अंधार पाहिलेला नसतो. बुऱ्हाणपूरच्या माणसाला पातळ अंधार खपवणं अवघड. आमच्याकडे कुंडी भंडारा आहे. 1615 च्या सुमारास, खानखानान अब्दुर रहीम इथला सुभेदार असताना, तब्कुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखाली अडवलं आणि भुयारातून उताराउतारानं गावात आणलं. वर हवेसाठी ओळीनं कुंड्या. लिफ्टनं सुमारे ऐंशी फूट खाली उतरलं की पायाशी वाहतं पाणी, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर, आणि दोन कुंड्यांच्या मधोमध जो काळोख असतो तो काळोख. भाच्यानं गुहेतला एक खेळ लावून दिला, “आजी, अंधार आहे, घाबरू नका.” आत्या म्हणाली, “कुठंय? मला तर सगळं दिसतंय.”

खरं म्हणजे आत्याला सगळं दिसत होतं त्याचं आणखी एक कारण होतं. नाकापाशी यंत्राला फट राहते. जगात नाकं इतक्या जातींची आहेत की एका साच्यात ती बसत नाहीत, आणि त्या फटीतून उजेड आत येतो. लोक या फटीबद्दल बोटं मोडतात, कापसाचे बोळे लावतात. आत्यानं पाच मिनिटांत तिचा उपयोग शोधला. वर बघितलं की आल्प्सचे डोंगर, खाली बघितलं की गॅसवरचं दूध. “उतू गेलं, उतू गेलं!” असं ती एकदा स्वित्झर्लंडमधून ओरडली, आणि सूनबाईंनी धावत जाऊन गॅस बंद केला. महागड्या यंत्रांत बाहेरची खोली दाखवायला रंगीत कॅमेरे असतात. ही सोय फुकटची होती.

मुलांनी बीट सेबर लावला. 2018 सालचा खेळ; दोन हातांत उजेडाच्या दोन तलवारी आणि अंगावर येणारे ठोकळे गाण्याच्या ठेक्यात कापायचे. यंत्राला सुरुवातीला आपण जमिनीवर रेघ आखून द्यायची असते, तिच्या बाहेर हात-पाय गेला की ते इशारा देतं. पण रेघ आपण आखतो ती रिकाम्या जागेभोवती, आणि वाड्यात रिकामी जागा पाच मिनिटांपेक्षा जास्त रिकामी राहत नाही. कुणी पाट आणून ठेवतं, कुणी त्यावर बसतं. जानेवारी 1681 मध्ये मराठी फौजेनं इथला बहादुरपुरा लुटला, त्यानंतर बुऱ्हाणपुरात एवढ्या आवेशानं तलवार फिरली नसेल. एक वार दिव्याच्या हंडीवर, एक पाहुण्यांच्या चहावर. सेकंदाला नव्वद चित्रं फिरतात म्हणूनच चक्कर येत नाही, असं भाचा समजावत होता. काकांनी मनातल्या मनात हिशेब केला. त्यांचा माग मिनिटाला शे-दीडशे पीक टाके. “सेकंदाला नव्वद? मग बाणा तुटत कसा नाही?”

चक्कर मात्र येतेच ज्याला यायची त्याला. डोळे सांगतात आपण पळतोय, कान सांगतात आपण खाटेवर बसलोय, आणि पोट दोघांचंही ऐकून स्वतःचा निर्णय घेतं. इंदूरच्या रस्त्यावर भेरूघाटात ज्यांना खिडकीची जागा लागते, त्यांनी पाळण्याचा खेळ लावू नये. सूनबाईंनी लावला. पुढचं त्यांनी लिहू नका म्हणून सांगितलं आहे.

शेवटी ताजमहाल लागला. लागणारच होता. या गावात 17 जून 1631 ला मुमताज चौदाव्या बाळंतपणात गेली, तापीपलीकडे झैनाबादच्या आहूखान्यात तिला ठेवलं, आणि डिसेंबरात आग्र्याला नेलं. त्यावर गावात जो तो आपापली कथा सांगतो: ताज इथंच व्हायचा होता, तापीच्या काठी, पण माती भुसभुशीत निघाली, वाळवी निघाली, संगमरवर लांब पडला. खरं-खोटं कोण बघायला गेलंय? पण राग आहे. पाहुणे उतरतात, शाही किल्ल्यातल्या हमामखान्याचं रंगवलेलं छत मान वर करून बघतात आणि विचारतात, “हे सगळं ठीक, पण मूळ ताज?” तेव्हा आत्याच्या डोळ्यांपुढं चारी बाजूंनी ताजमहाल उभा राहिला, तर ती गहिवरेल अशी आमची अपेक्षा.

“पुसट आहे,” ती म्हणाली.

आणि होताच. भाचा पुन्हा वरमला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ही फिल्म फोर-के होती. पण फोर-के म्हणजे आडवे 3840 पिक्सेल, आणि ते गोलाकार 360 अंशांत वाटले की अंशाला जेमतेम अकरा. यंत्राचा स्वतःचा पंचवीसचा पडदा, त्यावर अकराचं कापड. म्हणून यंत्राची यादी, बटणं, नावं झळझळीत दिसतात आणि ज्यासाठी यंत्र घेतलं तो ताज धुरकट.

काका खूश झाले. “नमुन्याचा तुकडा वेगळा अन् ताग्यातला माल वेगळा. आमच्यात पण होतं असं.” मग हळूच, “कंपनीवाले आपल्याकडलेच दिसतात.”

आत्या कळस बघायला मान वर करून बसली होती. वर बघताना यंत्राचं वजन गालांवरून भुवयांवर येतं आणि मागचा पट्टा अंबाड्यात रुततो. तिनं सोपा उपाय काढला. खाटेवर आडवी झाली, उशी मानेखाली घेतली आणि घुमटाखाली पडून राहिली. या यंत्रांचं सगळं संशोधन पट्टे, उशा, तोल यांच्याभोवती फिरतं, आणि बाईनं आडवं होऊन तो प्रश्न बाद केला. दोनेक तासांची बॅटरी असते. ती संपून पडदा काळा झाला तरी आत्या उठली नाही. आम्ही बघितलं तर घोरत होती. झोपेचा अंधार यंत्राच्या अंधारापेक्षा चांगल्या प्रतीचा असावा.

दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी पसरली. सकाळपासून ओसरीवर चपलांचा ढीग, आणि भाचा मागच्या दारानं जिलेबी खायला पळालेला. लोकांना यंत्र दाखवायचं काम आपोआप काकांकडे आलं. ते गादीवर बसले, शेजारी यंत्र, फडकं आणि घामासाठी पावडरचा डबा. येणाऱ्याला बसवायचं, पट्टा आवळायचा, बटण दाबायचं. आणि पाहता पाहता त्यांचा सूर बदलत गेला. कालपर्यंत रीड-पीक हलकं म्हणणारा माणूस समोरच्याला सांगत होता की असा पन्हा सगळ्या मध्य प्रदेशात मिळायचा नाही. इच्छापूरहून आलेल्या एका पाहुण्यानं पट्टा कानशिलावर फार आवळतो म्हणून तक्रार केली. काकांनी मान वर न करता, सवयीनं, उत्तर दिलं:

“एकदा धुतला की सैल होईल.”